केम्परचं अपयश एन्ट्रेन्ड-फ्लोच्या खात्यावर मांडू नका

कोळशाच्या गॅसिफिकेशनवरच्या (म्हणजे कोळशापासून ज्वलनशील वायू बनवण्यावरच्या) माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. ती न वाचलेल्यांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात असे: अमेरिकेतल्या केम्पर प्रकल्पात अब्जावधी डॉलर बुडाले तेव्हाच एन्ट्रेन्ड-फ्लो (कोळशाची भुकटी ऑक्सिजनच्या झोतात वाहून नेणारं) गॅसिफिकेशन निकालात निघालं, काही सेकंदांत कोळशाचा पूर्ण गॅस होणं शक्यच नाही, बराच कार्बन राखेत वाया जातो, आणि या सगळ्याला ‘स्वच्छ’ म्हणणं ही धूळफेक आहे. शेवटच्या मुद्द्यावर आपण एकमेकांच्या बरेच जवळ आहोत. बाकीचे मात्र मला मान्य नाहीत.

केम्परमध्ये एन्ट्रेन्ड-फ्लो गॅसिफायर नव्हताच. मिसिसिपीतल्या त्या प्रकल्पात लिग्नाइटसाठी (हलक्या प्रतीच्या तपकिरी कोळशासाठी) ‘ट्रान्सपोर्ट’ गॅसिफायर बसवला होता. त्यात घन कण रिअ‍ॅक्टरमधून पुन्हा पुन्हा फिरवले जातात आणि राख वितळू नये इतकंच तापमान ठेवलं जातं. एन्ट्रेन्ड-फ्लोमध्ये नेमकं उलट असतं: कोळशाची भुकटी आणि ऑक्सिजन एकाच दिशेने बर्नरमधून आत जातात आणि राख वितळलीच पाहिजे इतकं तापमान ठेवतात. केम्परचा खर्च साडेसात अब्ज डॉलरांच्या घरात गेला आणि 2017 साली गॅसिफिकेशन सोडून देऊन ते केंद्र नैसर्गिक वायूवर चालवायचं ठरलं, हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण त्यावरून दुसऱ्या जातीच्या यंत्राला दोषी कसं ठरवणार?

एन्ट्रेन्ड-फ्लोचा हिशेब मांडायचा तर त्याचीच उदाहरणं घेऊ. 1952 साली फिनलंडमध्ये औलूच्या खत कारखान्यात कॉपर्स-टोट्झेक गॅसिफायर सुरू झाला. तो वातावरणाच्या दाबावर चालायचा. दाबाखाली चालणारी यंत्रं पुढे आली: स्लरीवर (पाण्यात कालवलेल्या कोळशाच्या भुकटीवर) चालणारा टेक्साकोचा गॅसिफायर, कोरडी भुकटी घेणारा शेलचा, दोन टप्प्यांचा ई-गॅस, हवेवर चालणारा मित्सुबिशीचा. 1983 साली टेनेसीतल्या किंग्सपोर्टला ईस्टमनच्या कारखान्यात टेक्साको गॅसिफायर चालू झाले. त्यातून निघणाऱ्या सिनगॅसपासून (कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनच्या मिश्रणापासून) अ‍ॅसेटिक अनहायड्राइड बनायचं आणि त्यातून फोटोफिल्मला लागणारं सेल्युलोज अ‍ॅसिटेट. तिथे एक गॅसिफायर राखीव ठेवलेला असायचा. एकाचं बर्नर किंवा अस्तर बदलायला घेतलं की दुसरा सुरू, पुढचा कारखाना थांबत नसे. माझ्या मते या तंत्रज्ञानाच्या यशापयशाची निम्मी गोष्ट त्या राखीव यंत्रात आहे.

आता वीजकेंद्रं पाहा. नेदरलँड्समधलं बुगेनुम, स्पेनमधलं प्युएर्तोयानो, अमेरिकेतली वाबॅश रिव्हर आणि पोक. या 1990च्या दशकातल्या, बहुतांशी एकेका गॅसिफायरवर चालणाऱ्या योजना. गॅसिफायर थांबला की कोळशापासूनची वीजही थांबली. बुगेनुमची रचना सुमारे 43 टक्के कार्यक्षमतेसाठी केली होती, पण त्याच काळात साधे कोळसा जाळणारे अल्ट्रा-सुपरक्रिटिकल (अतिउच्च दाब-तापमानाची वाफ करणारे) बॉयलर तिथवर पोचले आणि पुढेही गेले. तेही ऑक्सिजन प्लांट आणि गॅस टर्बाइनचा पसारा न मांडता. बुगेनुम 2013 साली बंद झालं. त्याच वर्षी इंडियानात सुरू झालेल्या 618 मेगावॉटच्या एडवर्ड्सपोर्टचा खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला होता. तेव्हा ‘कोळशापासून वीज करायला हा रस्ता महागात पडला’ असं तुम्ही लिहिलं असतंत तर मी लगेच हो म्हटलं असतं. खत, मिथेनॉल आणि हायड्रोजनच्या कारखान्यांत हीच यंत्रं मोठ्या संख्येने चालतात, सर्वांत जास्त चीनमध्ये. तिथे गॅस जाळून वीज काढायची नसते. त्यातले कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन हाच कच्चा माल असतो.

सेकंदांचा मुद्दा. कण 0.1 मिलिमीटरपेक्षा बारीक असतो आणि तापमान 1,400 ते 1,600 अंश, ज्योतीच्या गाभ्यात त्याहूनही जास्त. एवढ्या उष्णतेत रासायनिक क्रियेचा वेग ही अडचण उरत नाही. वायू कणापर्यंत आणि त्याच्या छिद्रांत किती लवकर पोचतो एवढाच प्रश्न असतो, आणि बारीक कणाला त्यासाठी दोन-चार सेकंद पुरतात. कोरडी भुकटी घेणाऱ्या गॅसिफायरमध्ये 99 टक्क्यांहून अधिक कार्बनचा गॅस होतो. स्लरीच्या यंत्रात थोडा कमी होतो आणि उरलेला कार्बन बऱ्याच ठिकाणी परत आत सोडतात. कोळशाचे तुकडे तासभर आत राहतात ते लुर्गी पद्धतीच्या फिक्स्ड-बेडमध्ये, दक्षिण आफ्रिकेत सेकुंडाला आहे तसे. तिथून टार आणि फिनॉल निघतात आणि ते धुऊन काढायला वेगळा प्लांट लागतो. एन्ट्रेन्ड-फ्लोच्या उष्णतेत टार शिल्लकच राहत नाही.

स्लरीत निम्म्याच्या आसपास पाणी असतं म्हणून ती मूर्खपणाची, असंही तुम्ही म्हणता. प्रत्यक्षात वजनाने 60 ते 70 टक्के कोळसा असतो. उरलेल्या पाण्याची वाफ करण्यात ऑक्सिजन आणि ऊर्जा जाते, हे बरोबर. पण स्लरी पंपाने ढकलता येते, त्यामुळे 60-80 बार दाब गाठता येतो आणि पुढे मिथेनॉलसाठी गॅस दाबण्याचं काम बरंच वाचतं. कोरडी भुकटी लॉक हॉपरमधून (दाब टप्प्याटप्प्याने वाढवणाऱ्या बंद टाक्यांमधून) चढवताना 40 बारच्या पुढे जाणं अवघड होतं. शिवाय कोरड्या पद्धतीच्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड जास्त असतो, म्हणून हायड्रोजन वाढवायला शिफ्ट रिअ‍ॅक्टरमध्ये (कार्बन मोनॉक्साइड आणि वाफेपासून हायड्रोजन करणाऱ्या भांड्यात) वाफ वेगळी घालावीच लागते. वीज करणाऱ्याला जे नुकसान वाटतं, ते रसायनवाल्याला बऱ्याचदा परवडतं.

या तंत्रज्ञानाची खरी दुखरी जागा राख आहे, आणि तुमच्या प्रतिक्रियेत तिचा उल्लेख नाही. स्लॅग (वितळलेली राख) मधासारखी संथ का होईना, पण वाहिली पाहिजे. साधारण 25 पास्कल-सेकंदांपेक्षा घट्ट झाली की खालचं तोंड बुजतं. मग चुनखडी मिसळा, नाहीतर तापमान वाढवा. तापमान वाढवलं की क्रोमियमच्या रिफ्रॅक्टरी (उष्णता सोसणाऱ्या) विटा लवकर झिजतात. पाण्याने थंड ठेवलेल्या भिंतीवर स्लॅगचाच थर गोठतो आणि तोच भिंत वाचवतो, ही शेलच्या रचनेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. पण जास्त राखेच्या कोळशात प्रत्येक किलो राख वितळवायला ऑक्सिजन जळतो आणि त्यातून गॅस काहीच मिळत नाही. असा कोळसा न धुता, न मिसळता या गॅसिफायरला देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

राहिला ‘स्वच्छ’पणा. गंधक हायड्रोजन सल्फाइडच्या रूपात निघतं आणि रेक्टिसोल किंवा सेलेक्सोलने (असे वायू शोषून घेणाऱ्या द्रावकांच्या पद्धतींनी) जवळजवळ पूर्ण काढता येतं. स्लॅग काचेसारखी गोठते, त्यामुळे तिच्यातले धातू सहजी पाण्यात उतरत नाहीत. हे फायदे खरेच आहेत. पण कोळशापासून एक किलो हायड्रोजन करताना सुमारे 20 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि तो हवेत सोडणाऱ्या कारखान्याला स्वच्छ म्हणायला मीही तयार नाही. मला जास्त चीड येते ती वेगळ्याच कारणाने: हायड्रोजन शुद्ध करताना हा वायू आधीच वेगळा काढलेला असतो. पकडण्याचं महागडं काम झालेलं असतं, आणि तरीही तो चिमणीतून जातो. नॉर्थ डकोटाच्या ग्रेट प्लेन्स कारखान्यातून 2000 सालापासून तो पाइपलाइनने कॅनडातल्या वेबर्न तेलक्षेत्रात नेऊन जमिनीत सोडतात. तिथले गॅसिफायर लुर्गीचे आहेत, पण वायू वेगळा करणारी रेक्टिसोल पद्धत एन्ट्रेन्ड-फ्लोच्या कारखान्यांतही वापरतात. वेबर्नमध्ये त्याच वायूने आणखी तेल काढतात, तेव्हा तो हिशेबही निखळ नाही. तुम्ही या मुद्द्यावर लिहिणार असाल तर प्रत्येक कारखान्याला आधी हेच विचारा: वेगळा काढलेला कार्बन डायऑक्साइड पुढे जातो कुठे?