टोमासनला ‘फसलेला’ म्हणणाऱ्यांसाठी

आज सकाळी आमच्या फुटबॉलच्या गटावर कोणीतरी इंग्लंडमध्ये ‘फसलेल्या’, म्हणजे अपयशी ठरलेल्या, परदेशी खेळाडूंची यादी टाकली. तिच्यात डेन्मार्कचा फॉरवर्ड योन डाल टोमासन याचे नाव पाहून डोके भणाणून गेले आणि त्याखालचे हसरे चेहरे पाहून संताप अधिकच वाढला.

१९९७ साली हॉलंडच्या हीरेनफेन संघातून इंग्लंडच्या न्यूकॅसल संघात आला तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा होता. मुख्य स्ट्रायकरच्या किंचित मागे राहून मोकळ्या जागेत घुसणे हा त्याचा खेळ होता. पण हंगाम सुरू होण्याआधीच संघाचा मुख्य स्ट्रायकर ॲलन शिअरर याचा घोटा दुखावला, दुसरा स्ट्रायकर लेस फर्डिनंडला टॉटनहॅम संघाला विकले गेले आणि या पोराला इंग्लिश बचावपटूंच्या धक्काबुक्कीत सर्वांत पुढे उभे केले गेले. लीगमध्ये त्याचे तीनच गोल झाले, हे मान्य आहे. पण ज्याला त्याची जागाच दिली नाही, त्याच्याकडून हिशेब कसला मागता?

हे मला इतके लागते, कारण माझ्या थोरल्या भावाच्या बाबतीत नेमके हेच घडले. दादा कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर खेळायचा, तोही दुसरा फॉरवर्ड म्हणून. एका हंगामात संघाचा सेंटर फॉरवर्ड जायबंदी झाला, दादाला त्याच्या जागी ढकलले आणि दोन-तीन सामन्यांतच प्रेक्षकांनी त्याला ‘फुसका’ ठरवून टाकले. पुढे आपल्या जागेवर परतून त्याने कितीही गोल केले, तरी पेठेतल्या कट्ट्यावर तोच शब्द चिकटून राहिला.

टोमासन पुढे हॉलंडच्या फेयेनूर्ड संघात गेला, तिथे १९९९ मध्ये लीग जिंकला आणि २००२ च्या युएफा चषकाच्या अंतिम सामन्यात डॉर्टमुंडविरुद्ध त्याने गोल केला. त्याच वर्षी विश्वचषकात त्याचे चार गोल झाले. मग इटलीचा एसी मिलान संघ. २००३ च्या चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत आयाक्सने २–२ अशी बरोबरी साधली होती आणि एकूण गोल समान असतील तर प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ पुढे जाण्याच्या तेव्हाच्या नियमामुळे मिलान बाहेर पडणार होते. भरपाईच्या वेळेत इन्झागीने गोलरक्षकावरून उचललेला चेंडू टोमासनने गोलरेषेजवळ गाठून आत ढकलला. तो तसाही आत गेला असता, असे म्हणणारे आहेत, असतीलही बरोबर. पण गोल त्याच्या नावावर लागला, कारण तो तिथे पोहोचला होता. त्याच वर्षी मिलान युरोपचे विजेते ठरले.

दादाही असाच धावायचा. सहकाऱ्याने फटका मारला की इतर सारे उभे राहून पाहत असत आणि हा मात्र मान खाली घालून लांबच्या खांबाकडे सुटलेला असे. दहापैकी नऊ वेळा ती धाव वाया जायची आणि त्याबद्दल कोणी कधी टाळी वाजवली नाही.

म्हणूनच २४ जून २०१० ची मध्यरात्र मी विसरत नाही. आम्ही दोघे टीव्हीसमोर होतो आणि विश्वचषकात जपानविरुद्ध डेन्मार्क दोन गोलांनी मागे होता. टोमासनची पेनल्टी जपानचा गोलरक्षक कावाशिमाने अडवली, परत आलेल्या चेंडूवर टोमासननेच धाव घेतली आणि गोल केला. दादा ताडकन उठून ओरडला, “बघ, थांबला नाही!” सामना ३–१ असा गेला, डेन्मार्क बाहेर पडला. पण तो त्याचा देशासाठी बावन्नावा गोल होता. त्याने पोल नीलसन यांच्या जुन्या विक्रमाशी बरोबरी केली. नीलसन यांना त्यासाठी ३८ सामने लागले, टोमासन एकूण ११२ खेळला, हा फरक मी लपवत नाही. मात्र पहिल्या महायुद्धाच्या आसपासचा बचाव आणि आजचा बचाव एकाच मापाने मोजणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

राग थोडा निवला आहे. यादी पुढे पाठवणारी मंडळी आपलीच आहेत, खेळावर जीव टाकणारी आहेत. त्यांनी आज रात्री एवढेच करावे: २००२ चा डेन्मार्क–फ्रान्स सामना लावावा आणि स्पर्धेत एकही गोल करू न शकलेल्या गतविजेत्या फ्रान्सला घरी पाठवणाऱ्या त्या २–० मधला दुसरा गोल कोणाचा होता, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.