क्रेटाच्या पैशात जर्मन सेडान? त्या फॉरवर्डमधला एकेक मुद्दा घेऊ

गेले पंधरा दिवस एकच मेसेज मला सहा ठिकाणांहून आलाय, शेवटचा भाच्याकडून, खाली "मामा, बरोबर आहे ना हे?" असं लिहून. मामाकडे अशीच एक गाडी आहे म्हटल्यावर मामा हो म्हणणार असं त्याने धरूनच चाललंय. मेसेज थोडक्यात असा: नवी एसयूव्ही घेणारे वेडे, तेवढ्याच पैशात सात-आठ वर्षं जुनी अडीचशे हॉर्सपॉवरची जर्मन सेडान मिळते. मेन्टेनन्स वर्षाला वीस-पंचवीस हजार, मायलेज पंधरा, शोरूमलाच जायला हवं असं नाही. गोव्यात अंतरं छोटी म्हणून गाडी झिजत नाही. कमी रनिंगवाली मिळाली तर नवीच समजा, दिल्लीहून आणली तर आणखी स्वस्त. वर रीमॅप मारला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदललं, की फुकटात पन्नास हॉर्सपॉवर. आणि रोज ऑफिसला न्यायला याच्यासारखी गाडी नाही.

माझी गाडी कुठली ते सांगत नाही, सांगितलं की त्या कंपनीचे भक्त आणि दुश्मन दोघेही भांडायला येतात. दोन लिटर टर्बो पेट्रोल, ऑटोमॅटिक, २०२१ मध्ये साडेतेरा लाखाला घेतली तेव्हा ५८ हजार किलोमीटर झाले होते, आज ९६ हजार. फोंड्याहून पणजीला हीच नेतो. गाडी आवडते, विकणार नाही, पण मेसेज लिहिणाऱ्याने अशी गाडी चार महिनेसुद्धा सांभाळलेली नाही हे पहिल्या ओळीतच कळतं.

आधी पैशांचंच घेऊ, कारण सगळी फसगत तिथेच होते. पंचेचाळीस लाखांची गाडी पंधराला मिळते हे खरं, पण तिची ब्रेक डिस्क पंचेचाळीस लाखांच्या गाडीचीच राहते ना रे बाबा. गाडीचा भाव पडतो, पार्टचा पडत नाही, उलट दर वर्षी थोडा चढतो. मी वही ठेवतो, बायको हसते, पण ठेवतो. चार वर्षांत ऑइल-फिल्टरच्या सात सर्व्हिस मिळून ८४ हजार, चार टायर ५८ हजार, सस्पेन्शनचे लोअर आर्म आणि बुश ४६ हजार, पुढच्या डिस्क आणि पॅड ४१ हजार, एसीचं काम ३८ हजार, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं हाउसिंग ३४ हजार, गिअरबॉक्स ऑइल १९ हजार, बॅटरी १७ हजार. बेरीज ३ लाख ३७ हजार. वर्षाला चौऱ्याऐंशी हजार, म्हणजे महिन्याला सात, आणि यात इन्शुरन्स नाही, पेट्रोल नाही, आणि मुख्य म्हणजे यात कुठलीही मोठी दुर्घटना नाही, टर्बो गेलेला नाही, गिअरबॉक्स उघडलेला नाही. ही नशीबवान माणसाची वही आहे. वीस-पंचवीस हजार हा आकडा बहुतेक फक्त ऑइल सर्व्हिसचा आहे, बाकीचं लिहायचं राहिलं असावं.

आणि पैशांइतकाच वेळ जातो, तो कोणी धरतच नाही. वॉटर पंप गळायला लागला तो चवथीच्या आठ दिवस आधी, पार्ट गोव्यात नाही, पुण्यात नाही, बाहेरून येणार. अकरा दिवस मी स्कूटरवर. गणपती मेव्हण्याच्या आल्टोतून आणला आणि मेव्हण्याने ते अजून विसरलेलं नाही. दुसरी गाडी घरात नसेल तर या भानगडीत पडू नका असं मी सरळ सांगतो.

आता "गोव्यात अंतरं छोटी". हे वाचून मला खरंच हसू आलं, कारण हे बरोबर उलटं आहे. भाचा राहतो पर्वरीला, ऑफिस पणजीत, पाच-सहा किलोमीटर, त्यातही फ्लायओव्हरच्या कामामुळे अर्धा वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. काट्यावर कूलंट लवकर गरम दिसतं पण इंजिन ऑइल नीट तापायला दहा-पंधरा किलोमीटर तरी लागतात, म्हणजे याचं ऑइल आठवडाभर तापणारच नाही. थंड इंजिनात पेट्रोल जास्त मारलं जातं, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं, ऑइल तापलं की ते उडून जातं आणि नाही तापलं तर साचत जातं, ऑइल पातळ होतं, आणि टर्बोचं बेअरिंग त्याच ऑइलवर जगतं. युरोपातल्या थंडीइतकं आपल्याकडे वाईट नाही, मान्य. पण डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्व्हची पाठ धुतलीच जात नाही, तिथे कार्बनचा थर बसतो, आणि तो काढायला अक्रोडाच्या टरफलांचा चुरा हवेच्या दाबाने मारतात. हो, अक्रोडाच्या. बॅटरीचं तेच, पाच किलोमीटरमध्ये चार्ज किती होणार. म्हणून पंधरा हजार किलोमीटरला एकदा ऑइल हे हायवेवाल्यांसाठी ठीक, मी सहा-सहा महिन्यांनी बदलतो. आणि शनिवारी-रविवारी फोंड्याहून मडगाव गाठून झुआरी पुलावरून मोठा फेरा मारतो, आठपदरी पुलावर इंजिन जरा श्वास घेतं. बायकोला सांगतो ऑइल तापवायला चाललो, ते अर्धंच खरं असतं.

कमी रनिंग. आठ वर्षांत २२ हजार किलोमीटरची गाडी दिसली की लोकांचे डोळे चमकतात. अरे पण ती आठ वर्षं होती कुठे? मिरामार-कांदोळीच्या एखाद्या बिल्डिंगखाली उघड्यावर, मालक परदेशात, खारी हवा आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस. रबर चालवून जेवढं मरतं त्याहून उभं राहून मरतं. बुश, इंजिन माउंट, दाराची रबरं, सगळं कडक. टायरची नक्षी भरलेली असते पण साइडवॉलवर डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, ३११७ असेल तर तो २०१७ च्या एकतिसाव्या आठवड्यात बनलाय, फोटोत छान दिसेल, ओल्या रस्त्यावर धरणार नाही. ब्रेक फ्लुइड ओल शोषतं, दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, उभ्या गाडीचं कोण बदलतो? वर उंदीर. पावसाळ्यात बॉनेटखाली कोरडी उबदार जागा मिळाली की संसार थाटतात आणि वायरिंगचं इन्सुलेशन खातात. मला ६० हजार चाललेली, रोज हायवेवर पळालेली गाडी कधीही चालेल.

शिवाय ते २२ हजार खरे कशावरून? मीटर मागे करणारा बहुतेक वेळा फक्त समोरच्या मीटरचं क्लस्टर बदलतो. चांगला स्कॅनर लावला की गाडीतल्या एखाद्या दुसऱ्या कॉम्प्युटर मोड्यूलमध्ये जुन्या फॉल्टच्या शेजारी तो फॉल्ट आला तेव्हाचं किलोमीटर सापडतं. दाखवायला २२ हजार आणि फॉल्टच्या नोंदीत ४१ हजार असलं की समजायचं. आणि गोव्यात आणखी एक प्रकार आहे, रेंटची गाडी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची असायला हवी, पण पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाड्या गुपचूप टुरिस्टांना देणारे आपल्याला काय माहीत नाहीत? स्पोर्टी सेडानला तर गिऱ्हाईक जास्त. थंड इंजिनावर रेडलाइनपर्यंत मारलेली गाडी "डॉक्टरने जपून वापरलेली" म्हणून विकली जाते.

दिल्लीची गाडी थोडक्यात उरकतो. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने (एनजीटी) २०१४-१५ मध्ये बंधन घातलं, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये ते उचलून धरलं, म्हणून त्या वयाकडे झुकलेली डिझेल तिथे मातीमोल झाली. स्वस्ताईचं कारण एवढंच. पुढचं तुमच्यावर: तिकडची एनओसी, लोन असेल तर बँकेचं नाव उतरवणं, बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर नवीन नंबर, गोव्याचा रोड टॅक्स वेगळा, आणि तिकडे भरलेल्या टॅक्सचा परतावा मागायला दिल्लीच्या खेपा. फरक बराचसा तिथेच संपतो. आणि २०२३ च्या जुलैत यमुना दिल्लीत शिरली होती हे विसरू नका. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ सापडते. स्टेपनीची जागा, कार्पेटखालचे कनेक्टर हिरवे पडलेत का तेही बघा.

रीमॅपवर खूप बोलता येईल पण एकच उदाहरण देतो. फोक्सवॅगन-स्कोडाचा सात गिअरचा ड्राय क्लचवाला डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), डीक्यू२००, बनवलेलाच २५० न्यूटन मीटर टॉर्कसाठी, आणि आपल्याकडच्या १.८ टीएसआय ऑक्टाव्हियाला कंपनीने टॉर्क ठेवला नेमका २५०. इंजिनला जास्त झेपत नव्हतं म्हणून नव्हे, गिअरबॉक्सला झेपत नव्हतं म्हणून. २०१७ मध्ये ऑक्टाव्हिया आरएस आली, ३५० न्यूटन मीटरची, तिला सहा गिअरचा, ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचचा वेगळा गिअरबॉक्स दिला. आता तुम्ही १.८ ला लॅपटॉप लावून सव्वातीनशे न्यूटन मीटर काढले तर ते जास्तीचे पाऊणशे कोण झेलणार? क्लच झेलणार, थोडे दिवस. याला फुकट म्हणतात. वर गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाल्यांना कारण मिळतं, आणि फोक्सवॅगन ग्रुपच्या सिस्टिममध्ये ट्यून केलेल्या गाडीवर टीडी१ चा शिक्का पडतो, तो पडला की इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी विसरा. विकणारा मॅप परत मूळचा (स्टॉक) करून विकतो ते वेगळंच, पण रीमॅपवाल्या गाडीचे स्पार्क प्लग आणि कॉइल बहुधा बदललेले असतात, म्हणून ते नवीन दिसले तर का ते मी आधी विचारतो.

रोज वापरायला परफेक्ट. हं. मेसेज लिहिणारा कधी फेरीबोटीत गाडी घेऊन चढलाय का? माझं सासर दिवाडी बेटावर. भरतीला रॅम्प जवळजवळ सपाट असतो, ओहोटीला चांगलाच उतरता, आणि तेव्हा पुढचा बंपर घासतो म्हणजे घासतोच, तिरकी चढवायला जागा नसते, मागून स्कूटरवाले हॉर्न मारतात. मी आता भरती-ओहोटीची वेळ बघून सासरी जातो. पंचायतीच्या वाड्यावाड्यांवरचे गतिरोधक वेगळेच, प्रत्येक मेंबराचा स्वतःचा डिझाइन. कमी उंचीच्या टायरला खड्डा लागला की साइडवॉलवर फुगा येतो, त्याला पंक्चर काढत नाहीत, टायर जातो. बीएमडब्ल्यूसारख्या रनफ्लॅटवाल्या (हवा गेली तरी थोडं अंतर चालणाऱ्या टायरच्या) गाड्यांत तर कधीकधी स्टेपनीच नसते, चोर्ल्याच्या घाटात रात्री साइडवॉल फाटली तर फोनला रेंज शोधत बसा.

आणि पाऊस. पणजीत अठरा जून रस्त्यावर, सांतिनेजला पाणी तुंबतं तेव्हा एसयूव्ही निघून जाते, आपली एअर इनटेक खाली असते. पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्ट मारायची नाही, काही झालं तरी नाही, कारण सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत ते बसत नाही, इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं, जुन्या गाडीला ते आणि झिरो डेप (क्लेममध्ये घसारा न कापणारं कव्हर) मिळायलाही अडचण येते. पॉलिसी चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला सांगा, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याचा.

मायलेज पंधरा लिहिलंय. पर्वरीत मला आठ-साडेआठ मिळतं, हायवेला तेरा. वर पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल (ई२०), इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा, आणि आपण बोलतोय त्या सगळ्या गाड्या एप्रिल २०२३ च्या आधीच्या, ई२० साठी न बनवलेल्या. फ्युएल लिडच्या आतलं स्टिकर वाचा.

एका मुद्द्याला मात्र मी मेसेजच्या बाजूने आहे, "शोरूमलाच जायला हवं असं नाही". वॉरंटी संपलेल्या गाडीला, योग्य स्कॅनर असलेला आणि मॅन्युअल वाचणारा बाहेरचा फिटर मिळाला तर त्याला जपा. माझा कुळे रस्त्याला आहे, पार्ट मी आणतो, तो फक्त मजुरी घेतो, आणि "पात्रांव (मालक), हे आत्ता नको, अजून वर्षभर चालेल" असं सांगणारा मला आयुष्यात तो एकटाच भेटला. पण असा माणूस गाडीच्या आधी शोधायचा असतो.

आणि हो, करमळ घाटात पहाटे, पाऊस पडून गेलेला, रस्ता मोकळा, त्या वळणांवर ही गाडी जशी बसते तशी कुठली उंच एसयूव्ही बसणार नाही, एवढ्यासाठीच मी महिन्याला सात हजार भरतो आणि तक्रार करत नाही.

भाच्याला कळवलंय की तो घ्यायच्या विचारात असलेली म्हापशाची गाडी बघायला रविवारी साडेसातला येतो, स्कॅनर आणि टॉर्च घेऊन. मालकाला फक्त एवढं सांग म्हटलं, आम्ही यायच्या आधी गाडी सुरू करून ठेवू नको, थंड इंजिन सुरू होतानाच खोड्या कळतात, बॉनेटला हात लावला तर थंडगार लागलं पाहिजे.