जेरी राइस आणि ‘मोंटानाची कृपा’: एक खुलासा

‘जेरी राइसचे विक्रम म्हणजे जो मोंटानाची कृपा, तसा क्वार्टरबॅक मिळाला तर कुणीही झेल घेईल’, असा मजकूर अमेरिकन फुटबॉलमधल्या जेरी राइस या झेल घेणाऱ्या खेळाडूबद्दल सध्या फिरतोय. (क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू; मोंटाना तोच.) तो चुकीचा आहे, आणि राइसवर अन्याय करणारा आहे.

सॅन फ्रान्सिस्को फोर्टी-नाइनर्सकडून दोघे एकत्र खेळले हे खरं. पण १९९१ मध्ये कोपराच्या दुखापतीने मोंटाना बाहेर बसला आणि १९९३ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्स संघात गेला. मोंटानाच्या फेकींवर राइसचे नियमित हंगामांतले टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेणं) ५५, मोंटानानंतरचा क्वार्टरबॅक स्टीव्ह यंगच्या फेकींवर ८५. राइसचा सर्वाधिक यार्डांचा (झेल घेऊन पुढे नेलेल्या अंतराचा) हंगाम १९९५चा, १,८४८ यार्ड. तेव्हा मोंटाना निवृत्तही झाला होता! २००२ मध्ये, ऑक्टोबरात चाळिशी गाठलेल्या राइसने ओकलंड रेडर्सकडून रिच गॅननच्या फेकींवर १,२११ यार्ड काढले.

एकूण २० हंगाम, १,५४९ झेल, २२,८९५ यार्ड. दुसऱ्या क्रमांकावरचा लॅरी फिट्झजेराल्ड पाच हजारांहून जास्त यार्डांनी मागे आहे. एवढं अंतर एका माणसाच्या कृपेने पडत नाही.

ते हात कुठे तयार झाले तेही सांगायला हवं. मिसिसिपीत वडील गवंडी. उन्हाळ्यात हा पोरगा बांधकामाच्या परांचीवर उभा राहायचा, खालून भाऊ विटा फेकायचे आणि हा त्या वरच्या वर झेलायचा. मोंटाना भेटण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.