पावणेपाचची अंघोळ

साताऱ्यात डिसेंबर लागला की अजिंक्यताऱ्यावरून उतरणारा गारठा थेट आमच्या न्हाणीघरात मुक्कामाला येतो. एरवी पाव तासात पाणी कढत करणारा आमचा 15 लिटरचा, 2000 वॅटचा गिझर यंदा 25 मिनिटे घेऊ लागला, तेव्हा सौ.ने ‘नवीन घ्या’ असा निकाल दिला. पण सारी नोकरी हिशेबखात्यात घालवलेली असल्यामुळे मी खर्च मंजूर करण्यापूर्वी चौकशी समिती नेमली. समितीत मी एकटाच होतो.

वायरमन असलेल्या भाच्याकडून मी वायरीतून वाहणारी विजेची धारा मोजणारा टाँग टेस्टर मागून आणला आणि त्याचा चिमटा गिझरच्या जाड वायरीभोवती ऐटीत लावला. आकडा आला शून्य. पाणी तापते आहे, लाल दिवा जळतो आहे आणि धारा मात्र शून्य, त्या अर्थी गिझर फुकट चालतो, ही बातमी मी स्वयंपाकघरात पोहोचवलीसुद्धा. भाचा फोनवर बराच वेळ हसत होता. “मामा, एकच वायर धरायची असते. फेज आणि न्यूट्रल दोन्ही चिमट्यात घेतल्या, तर जाणारी न् येणारी एकमेकींना खाऊन टाकतात.” जमा आणि खर्च सारखे असले की बाकी शून्य उरते, हे निदान मला तरी उमगायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्याने स्वतः येऊन मोजले: 184 व्होल्ट, 7 अँपिअर. पाणी तापवणारे एलिमेंट बिघडले का, हे पाहण्यासाठी त्याचा रोध काढायला मी 7 ला 184 ने भागले आणि 0.038 ओहम या उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. शेजारची दहावीतली मुलगी वहीत डोकावली. “काका, उलटं भागलंत. एवढ्याशा रोधातून चार हजार आठशे अँपिअर जातील!” सरळ भागल्यावर 26.3 ओहम आले. गिझरच्या पाटीवरच्या आकड्यांवरून, म्हणजे 230 च्या वर्गाला 2000 ने भागून, 26.45 येतात, तेव्हा एलिमेंट ठणठणीत होते. (व्होल्टला अँपिअरने भागले की रोध, हा नियम मांडणारे ओहमसाहेब स्वतः शाळामास्तर होते आणि 1827 साली त्यांच्या ग्रंथाचे जर्मनीत स्वागतही थंडच झाले होते, हे वाचून मला जरा ऊब आली.)

खरा घोळ पुढेच होता. व्होल्टेज 230 चे 184 झाले, म्हणजे वीस टक्क्यांनी घटले. त्या हिशेबाने 1600 वॅट तरी मिळायला हवेत. प्रत्यक्षात 184 गुणिले 7, म्हणजे 1288! उरलेल्या 312 वॅटची अफरातफर कोणी केली? मुलीने समजावले की, व्होल्टेज उतरले की धाराही त्याच प्रमाणात उतरते आणि शक्ती हा त्या दोहोंचा गुणाकार असल्यामुळे 0.8 गुणिले 0.8, म्हणजे 0.64 एवढीच उरते. दरही वीस टक्क्यांनी कापायचा आणि हजेरीही, असा हा कारभार.

“मग बिल तरी कमी येईल का?” सौ.ने विचारले. तेवढेच पाणी तेवढेच तापवायचे, तर युनिटेही जवळपास तेवढीच, अर्ध्या युनिटाच्या आसपास; वाढतो तो फक्त वेळ. यावर तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू समितीचा भत्ता मीच खाल्ला होता.

सगळी गल्ली सहाला गिझर लावते म्हणून व्होल्टेज पडते, हे कळल्यावर मी अंघोळ पावणेपाचला आणली. मीटरवर 226 व्होल्ट आणि पाणी कसे वाफाळलेले! या शोधाचे श्रेय एकट्याने घेणे बरे नव्हे, म्हणून वर्गाच्या गणितासकट तो मी दूधवाल्यापासून कोपऱ्यावरच्या निवृत्त गुरुजींपर्यंत सर्वांना समजावून सांगितला.

काल पावणेपाचला मीटर पाहिला. 186.