मांजराचा डायबेटिस आणि व्हॉट्सॲपवरचा काढा: एकेक दावा तपासून

मांजरं पाळणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक संदेश सतत फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच. गोड खाल्ल्याने मांजराला डायबेटिस होतो. इन्सुलिनची सवय लागते, म्हणून ते टाळा. कारल्याचा रस आणि मेथी-लसणाचा काढा पाजा, दोन दिवस उपाशी ठेवा. घरात कुणाची शुगरची गोळी असेल तर तिचा पाव तुकडा द्या. इन्सुलिन द्यावंच लागलं तर सिरिंज कुठलीही चालते, आणि सकाळी शुगर जास्त आली की एक युनिट वाढवा.

यातल्या शेवटच्या दोन सल्ल्यांनी मांजराचा जीव सगळ्यात लवकर धोक्यात येतो, म्हणून सुरुवात तिथून.

सिरिंज कुठलीही चालत नाही. आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींत मिळतं: एका मिलीत 40 युनिट आणि एका मिलीत 100 युनिट. लाल टोपणाची सिरिंज 40 साठी, केशरी टोपणाची 100 साठी. माणसांच्या इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्या 40 च्या असल्यामुळे मेडिकलमध्ये लाल टोपणाची सिरिंज सवयीने हातात पडते. मांजरांना मात्र अनेकदा ग्लार्जिन हे बराच वेळ काम करणारं इन्सुलिन लिहून दिलेलं असतं, आणि लँटससारखं ग्लार्जिन 100 चं असतं. ते लाल सिरिंजमध्ये 1 च्या खुणेपर्यंत भरलं तर प्रत्यक्षात 2.5 युनिट जातात. बहुतेक मांजरांची सुरुवातच दर 12 तासांनी 1 युनिटच्या आसपास होते, म्हणजे पहिल्याच दिवशी अडीच पट डोस.

उलटी चूक गुपचूप वाढत जाते. कॅनिन्सुलिन हे प्राण्यांसाठीचं इन्सुलिन 40 चं आहे. ते केशरी सिरिंजमध्ये भरलं तर 1 च्या खुणेला फक्त 0.4 युनिट जातं. शुगर उतरत नाही म्हणून डोस वाढवत नेला जातो, आणि एक दिवस घरातलं कुणी बरोबर सिरिंज घेऊन येतं. तोच वाढवलेला आकडा मग मांजराला आडवं करतो. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दर खरेदीला जुळवून बघा. 100 च्या इन्सुलिनसाठी 0.3 मिलीची, अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली सिरिंज मिळाली तर उत्तम.

ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ असतं. ते हलवायचं नाही, त्यात काही मिसळायचं नाही, गढूळ दिसलं तर टाकून द्यायचं. मुळातच गढूळ असणारी इन्सुलिनं मात्र भरण्याआधी लेबलवर सांगितल्याप्रमाणे एकसारखी करून घ्यावी लागतात. बाटली फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवा. फ्रीझरमध्ये नको, आणि तापमान सारखं वरखाली होतं म्हणून दारातल्या कप्प्यातही नको. इंजेक्शन कुशीवरच्या सैल कातडीची घडी उचलून द्या, जागा रोज थोडी बदला. औषध केसांवर सांडलं किंवा नक्की आत गेलं का अशी शंका आली, तर दुसऱ्यांदा टोचू नका. एक डोस चुकल्याने सहसा मोठं नुकसान होत नाही. दोन डोस एकदम गेले तर होतं.

सकाळची शुगर पाहून युनिट वाढवणं हीदेखील अशीच घातक चूक. डोस योग्य आहे की नाही हे शुगर दिवसात सगळ्यात खाली कुठे जाते यावर ठरतं. त्यासाठी इंजेक्शनच्या वेळेपासून पुढच्या डोसपर्यंत दर दोन तासांनी शुगर मोजून आलेख काढतात. तळ साधारण 80 ते 150 मिलिग्रॅमच्या दरम्यान असावा. दुपारी शुगर 50 वर जाऊन संध्याकाळी 400 होत असेल आणि तुम्ही फक्त 400 पाहिलं, तर वाढवलेलं युनिट दुपारचा तळ आणखी खोल करतं. डोस बदलल्यावर सहसा 5 ते 7 दिवस थांबून मगच पुढचा निर्णय डॉक्टरांसोबत घ्यावा. शुगर धोकादायक खाली गेली तर मात्र थांबायचं नसतं, डोस लगेच कमी करावा लागतो.

घरी मोजायला कानाच्या कडेच्या शिरेजवळचा थेंब पुरतो. आधी कान कोमट कापडाने शेकून घ्या. माणसांचा ग्लुकोमीटर मांजराची शुगर सहसा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो, म्हणून नोंदी नेहमी एकाच मशीनच्या ठेवा आणि मशीन कोणतं ते डॉक्टरांना सांगा. दवाखान्यातल्या एका आकड्यावरही विसंबू नका. घाबरलेल्या निरोगी मांजराची शुगर तिथे 300 च्या पुढे जाऊ शकते. अशा वेळी फ्रुक्टोसामीनची तपासणी उपयोगी पडते, ती मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी सांगते.

शुगर 60 च्या खाली, किंवा मांजर लडखडतंय, थरथरतंय, विचित्र भुकेलं झालंय: खाऊ शकत असेल तर लगेच खायला द्या. खात नसेल तर मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी, चहाचा अर्धा ते एक चमचा, हिरड्यांवर चोळा. बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील तर तोंडात ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. चोळा आणि दवाखाना गाठा. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. मांजर सावरलं तरी पुढचा डोस डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देऊ नका.

आता "इन्सुलिनची सवय लागते". वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. मांजराचा डायबेटिस बहुधा आपल्या टाइप 2 सारखा असतो. रक्तातली चढलेली साखर स्वादुपिंडाच्या आधीच दमलेल्या पेशींना आणखी निकामी करते. इन्सुलिन लवकर सुरू करून शुगर नीट आवरली तर त्या पेशींना उसंत मिळते, आणि काही मांजरांचं इन्सुलिन काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बंदही होतं. टाळाटाळीत गेलेले महिने ही संधी कमी करतात.

काढा आणि उपवास मांजराला दुहेरी मारतात. लसूण आणि कांदा मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात, आणि डायबेटिस असलेल्या मांजरांच्या पेशी आधीच नाजूक असतात. कारल्याचा रस जबरदस्तीने पाजला की तोंडाला फेस येतो आणि मांजर पुढचं जेवण नाकारतं. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचून ते जिवावर बेतू शकतं, शिवाय रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ, वाढतात. वजन उतरवायचंच, पण आठवड्याला 1 टक्क्याच्या आसपास: 6 किलोच्या मांजराचं 60 ग्रॅम. मांजराने जेवण नाकारलं तर पूर्ण डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. उलट्या, मरगळ आणि लघवीच्या पट्टीवर कीटोन दिसले तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

घरातल्या गोळ्यांना तर हात लावू नका. मेटफॉर्मिनचा मांजरांना फारसा उपयोग होत नाही, भूक मात्र जाते. ग्लिमेपिराइडने शुगर अचानक कोसळू शकते. मांजरांसाठी खास गोळ्या आहेत हे खरं: अमेरिकेत 2022 मध्ये बेक्सॅग्लिफ्लोझिनला आणि 2023 मध्ये व्हेलाग्लिफ्लोझिनला मान्यता मिळाली. त्या निवडक मांजरांनाच, रक्त आणि कीटोन तपासून देतात, आणि आधी इन्सुलिन घेतलेल्यांना देत नाहीत. कारण या गटाच्या औषधांवर मीटर चांगला आकडा दाखवत असतानाही रक्तात कीटोन चढू शकतात.

राहिलं गोड. मांजराला गोड चवच कळत नाही, त्यासाठी लागणारं एक जनुक त्याच्यात निकामी आहे. खरी कारणं म्हणजे लठ्ठपणा, घरात बसून राहणं, वाढतं वय आणि स्टिरॉइड. नसबंदी झालेल्या बोक्यांत हा आजार जास्त दिसतो. दूध-पोळी, दूध-भात आणि दिवसभर भरलेली ड्राय फूडची वाटी वजन वाढवतात. पाकिटावर पिष्टमय पदार्थांचा आकडा बहुधा नसतो, पण तो काढता येतो: 100 मधून प्रथिनं, चरबी, तंतू, ओलावा आणि राख वजा करा. याच क्रमाने 32, 12, 4, 10 आणि 8 टक्के असलेल्या ड्राय फूडमध्ये 34 टक्के उरतात. कमी पिष्टाचं वेट फूड यापेक्षा खूप बरं. नुसतं उकडलेलं चिकन मात्र पूर्ण आहार नव्हे, त्यात कॅल्शियम पुरेसं नसतं.

इन्सुलिन चालू असताना हा बदल एका रात्रीत करू नका. पिष्ट कमी झालं की इन्सुलिनची गरजही उतरते आणि कालचा योग्य डोस आज जास्त ठरतो. अन्न हळूहळू बदला, त्या दिवसांत शुगर जास्त वेळा मोजा आणि डॉक्टरांना आधी कळवा. इन्सुलिन सुटलेल्या मांजराचीही शुगर अधूनमधून तपासत राहा. पुढे कधी त्याच्या खाजेसाठी किंवा तोंडाच्या सुजेसाठी स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं गेलं, तर सुई टोचण्याआधी डायबेटिस होता हे सांगा. बरेच दिवस टिकणाऱ्या अशा एका इंजेक्शननेही शुगर पुन्हा चढू शकते, आणि एकदा दिलेलं ते परत काढता येत नाही.