घोडा लहान झाला, हे सांगायचं राहूनच गेलं

"हवामान कायमच बदलत आलंय. साडेपाच कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी आजच्यापेक्षा कितीतरी गरम होती, तरी प्राणी मेले नाहीत. उलट घोडे, माकडं तेव्हाच आली. जंगल आपोआप जुळवून घेतं. तापमानवाढीने एकही सस्तन प्राणी संपलेला नाही." व्हॉट्सॲपवर फिरणारा हा मजकूर यावेळी आमच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर आलाय.

यातलं निम्मं खरं आहे, म्हणून तर तो पटतो. ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वी ५ ते ८ अंशांनी तापली आणि जमिनीवरचे सस्तन प्राणी त्यात फारसे नष्ट झाले नाहीत. खोल समुद्राच्या तळाशी राहणारे कवचधारी सूक्ष्मजीव मात्र मोठ्या संख्येने गेले. त्यांचा फोटो कोण फॉरवर्ड करणार?

आता घोडा. अमेरिकेतल्या वायोमिंगच्या बिगहॉर्न खोऱ्यात सिफ्रहिपस या आद्य घोड्याचे दात थरांमागून थरांत सापडतात. दाढेच्या मापावरून वजन काढता येतं. सुरुवातीला हा घोडा सुमारे ५.६ किलोचा, म्हणजे चांगल्या पोसलेल्या बोक्याएवढा. उष्णता वाढत गेली तसा १ लाख ३० हजार वर्षांत तो ३.९ किलोवर आला आणि गारवा परतल्यावर ७ किलोपर्यंत गेला. 'जुळवून घेतलं' म्हणतात ते हे. त्याला लागलेला वेळ मजकुरात नाही. तेव्हा हवेत दरवर्षी मिसळणारा कार्बन आजच्या साधारण एक दशांश होता.

शिवाय घोडे, माकडांचे पूर्वज त्या खोऱ्यात बाहेरून आले. उत्तरेकडचे थंड भूभाग उबदार झाले, वाट मोकळी झाली, आणि ते चालत आले. आज चालायला वाट कुठाय? पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ खालून वाघ-हरणांसाठी मुद्दाम भुयारी वाटा ठेवाव्या लागल्या.

आणि 'जंगल जुळवून घेतं' म्हणजे नेमकं कोण? हिमयुगाच्या शेवटी जंगल एकत्र सरकलंच नाही, ज्याने त्याने आपापली वाट धरली. अमेरिकेतल्या त्या काळच्या थरांत एकाच जागी अशा प्राण्यांची हाडं मिळतात, ज्यांच्या आजच्या हद्दी एकमेकींना शिवतसुद्धा नाहीत.

माझा आवडता पुरावा मात्र उंदराच्या लेंड्यांचा आहे. अमेरिकेच्या कोरड्या पश्चिम भागातला वुडरॅट खडकांच्या कपारीत काटक्या, पानं, हाडं साठवतो आणि त्यावरच मुततो. ते मूत वाळून डिंकासारखं घट्ट होतं आणि आतलं सगळं हजारो वर्षं टिकतं. लेंडी जितकी जाड, तितका उंदीर मोठा. गेल्या वीसेक हजार वर्षांच्या लेंड्या मोजल्या, तर थंडीत उंदीर मोठे, उष्म्यात लहान. उंदराची पिढी लवकर पालटते, म्हणून त्याला हे जमलं. हत्तिणीला एका पिल्लासाठी २२ महिने लागतात.

राहिला शेवटचा दावा, तो सरळ खोटा. ऑस्ट्रेलियाच्या टोरेस सामुद्रधुनीत ब्रॅम्बल के नावाचं एक बेट आहे, समुद्रसपाटीपासून जेमतेम ३ मीटर उंच. तिथेच राहणारा मेलोमिस नावाचा उंदीर २००९ मध्ये शेवटचा दिसला. भरतीच्या लाटा वारंवार आत शिरून त्याची खाण्या-लपण्याची झुडपं गेली. २०१४ मध्ये सापळे आणि कॅमेरे लावून शोधलं, एकही मिळाला नाही. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारने तो नामशेष झाल्याचं जाहीर केलं.