एडिटरचा मान

मी आयटीत आहे, एवढ्या एका गुन्ह्यासाठी आमच्या सोसायटीने गणपतीच्या वर्गणीचा हिशोब माझ्या गळ्यात मारला. त्याआधी वही होती. लाल कापडी पुठ्ठ्याची. ती खजिनदारकाकांच्या कपाटात असायची आणि कपाटाची किल्ली काकूंच्या कमरेला. ज्याला वही बघायची असेल त्याने आधी काकूंचा चहा प्यायचा, मग वही बघायची, तीही काकांच्या बोटाखाली धरलेल्या ओळीपुरती. पंधरा वर्षांत एक आकडा हलला नाही.

2025 साली मी शहाणपणा केला. 48 फ्लॅट, दोन विंगा, सगळ्यांची नावं एका गूगल शीटमध्ये भरली, लिंक असलेल्या प्रत्येकाला एडिटर केलं, म्हणजे हवं ते बदलायची मुभा दिली, आणि लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून दिली.

दहा मिनिटांत शीटवर प्राणी जमले. लॉगिन न करता नुसत्या लिंकवरून आलेल्या माणसाला तिथे नावाऐवजी प्राण्याचं सोंग मिळतं. त्यामुळे एक अनामिक कॅपिबारा बराच वेळ शेजाऱ्याच्या रकमेवर बसून होता, हे मला दिसत होतं, पण तो कोण ते कळायला मार्ग नव्हता. मग कुणीतरी आपलीच विंग बघायची म्हणून फिल्टर लावला. साधा फिल्टर एकाने लावला की तो सगळ्यांनाच लागतो. ग्रुपवर लगेच मेसेज आला, ‘ए विंगची नावं काढलेली दिसतात. वर्गणी नको असेल तर तसं स्पष्ट सांगावं.’ तेवढ्यात आणखी कुणी नावं अकारविल्हे लावली. फक्त नावांचा रकाना निवडून. रकमा जागच्या जागी राहिल्या. 2,100 रुपये देणाऱ्या काकूंच्या नावापुढे शून्य, आणि तीन वर्षं ‘पुढच्या आठवड्यात बघतो’ म्हणणारे गृहस्थ सोसायटीतले सर्वांत मोठे देणगीदार. ही चूक त्यांच्या लक्षात आली नसावी.

शीटची जुनी रूपं जपून ठेवणाऱ्या व्हर्जन हिस्टरीतून आधीची शीट परत आणली आणि ठरवलं, आता ज्याला जेवढं लागतं तेवढंच दिसेल.

भूमिकेनुसार हक्क वाटण्याची ही कल्पना डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून या दोन अमेरिकन संशोधकांनी 1992 साली रीतसर मांडली. हक्क माणसाला द्यायचे नाहीत, पदाला द्यायचे. आपल्याकडे हे लग्नात कधीचं चालू आहे. मुलीच्या मागे उभं राहायचा मान मामाचा. सख्खा मामा दुबईत असेल तर चुलतमामा उभा करतात, पण जागा मामाचीच. फक्त त्या दोघांच्या कल्पनेत रुसवा नव्हता.

अध्यक्षांना मी व्ह्यूअर केलं. त्यांना शीट फक्त बघायचीच असते, हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

‘‘व्ह्यूअर म्हणजे काय रे?’’

‘‘म्हणजे तुम्हाला सगळं दिसेल, काका.’’

‘‘आणि करता काय येईल?’’

‘‘काही नाही.’’

‘‘म्हणजे मी बघ्या!’’

सचिवांना कमेंटर केलं, म्हणजे आकड्यांना हात न लावता फक्त शेरे मारायची मुभा दिली, तर ते आनंदाने कामाला लागले. संध्याकाळपर्यंत निम्म्या चौकोनांच्या कोपऱ्यात पिवळी त्रिकोणी निशाणं उगवली. प्रत्येकात एकच वाक्य, ‘खुलासा व्हावा.’

खजिनदारकाका एडिटर होते, पण रकमांचा रकाना मी त्यांच्या हातून एकदा पुसला गेल्यावर कुलूपबंद केला. त्यांनी आकडा टाकला की शीट सांगायची, हा भाग संरक्षित आहे, मालकाशी संपर्क साधा. पंधरा वर्षं वही बोटाखाली धरलेल्या माणसाला! मग कुलूप काढून नुसता इशारा ठेवला, ‘तरीही बदल करायचा का?’ असं विचारणारा. ‘येथे वाहने लावू नयेत’ या पाटीखाली आपण जितक्या सहज गाडी लावतो, तितक्या सहज सगळे ‘ओके’ दाबू लागले.

यातलं खरं दुखणं वेगळंच आहे. ज्याला परवानगी नाही त्याच्यासाठी बटण लपवायचं की पुसट करून समोरच ठेवायचं? लपवलं तर माणूस म्हणतो, ‘‘काल इथे होतं, आज कुठे गेलं?’’ पुसट ठेवलं तर तो ते दाबत बसतो, मोबाइल झटकतो, शेवटी मला हाक मारतो. मी दोन्ही करून पाहिलं. व्ह्यूअरना डाउनलोड आणि प्रिंट मिळू नये म्हणून सेटिंगमधली खूण काढली. प्रत्येक गोष्टीची प्रिंट काढून फाइलला लावणारे एक काका सोसायटीत आहेत. त्यांनी स्क्रीनचा फोटो काढला, त्याची प्रिंट काढली आणि ती लिफ्टशेजारी चिकटवली. खाली पेनाने लिहिलं, ‘महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960, कलम 32.’ या कलमाने सभासदाला संस्थेच्या दप्तरातला आपल्या व्यवहारापुरता भाग बघता येतो. गणपतीची वर्गणी त्यात बसते का, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही. मी तर नाहीच. कारण फोटोत शेअरची खिडकीही आली होती आणि तिच्यात माझ्या नावासमोर ठसठशीत ‘ओनर’ लिहिलेलं होतं.

त्याच रात्री अध्यक्षांचा फोन आला.

‘‘ओनर तू कसा? तू तर 304 मध्ये भाड्याने राहतोस ना?’’

मी समजावलं की हा ओनर वेगळा, शीटचा. ते म्हणाले, ‘‘असेल. पण लोक वाचतात.’’ वाद नको म्हणून मालकी त्यांच्या नावावर केली. त्यांच्या मुलाने पुण्याहून फोनवर सांगत सांगत त्यांच्याकडून ती स्वीकारून घेतली. आणि आता सगळं शिस्तीतच करायचं म्हणून काकांनी पहिलाच निर्णय घेतला. भाडेकरूंना व्ह्यूअर.

दुसऱ्या दिवशी सहा जणांची वर्गणी माझ्या हातात, आणि शीट माझ्यासमोर काचेच्या कपाटातल्या फराळासारखी. मी परवानगी मागणारी विनंती पाठवली. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच त्यांच्याकडे गेलो.

काकूंनी चहा दिला. काकांच्या फोनमध्ये न वाचलेल्या चार हजारांवर मेल होत्या. वीजबिल आणि म्युच्युअल फंड यांच्या मधोमध माझी विनंती सापडली. उघडली. मी सवयीने बोट पुढे केलं.

‘‘थांब, मी दाबतो.’’

त्यांनी चष्मा शोधला, पुसला, लावला. फोन लांब धरला, मग जवळ.

‘‘आता काय दाबू?’’

‘‘एडिटर.’’

काका बराच वेळ यादी वाचत राहिले.

‘‘इथे कमेंटर पण आहे की रे.’’